वकीलपत्राच्या आधी

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

दुपारी औषधांच्या दुकानात गर्दी नसते. त्या वेळेला वन्सं आल्या. काउंटरच्या आत स्टुलावर बसल्या आणि पिशवीतून कागद काढले. दिवाणी कोर्टाचं समन्स, दाव्याची प्रत, मागे टाचलेले सात-बाराचे उतारे. दाजींच्या चुलत भावाने वाटपाचा आणि मनाईचा दावा लावलाय. दाजी जुलैपासून अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. २० ऑगस्टला बेलिफ आला, वन्संनी सही करून समन्स घेतलं. घरातल्या कुणाही सज्ञान माणसाने, मग ती बाई का असेना, समन्स घेतलं की ते बजावलं गेलं असं धरलं जाऊ शकतं. दोघांनाही प्रतिवादी केलंय, कारण विहिरीजवळचा तुकडा वन्संच्या नावावर आहे.

पुतण्याने ओळखीच्या वकिलाकडे नेलं. त्यांनी वकीलपत्रावर फुली मारलेल्या जागी वन्संची सही घेतली, पैसे घेतले, पावती दिली नाही. पुढची तारीख २९ सप्टेंबर. “कैफियत दाखल केली का?” असं मी विचारलं, तर वन्सं म्हणाल्या, “ती काय असते?”

दाव्याला आपलं लेखी उत्तर म्हणजे कैफियत. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत द्यायची. उशिराचं कारण कोर्टाला पटलं तर ९० दिवसांपर्यंत. तीच गेली नाही, तर समोरचा म्हणेल ते ऐकून निकाल लागू शकतो. दुकानाच्या गाळ्यावरून सासऱ्यांच्या काळात एक दावा चालला होता, म्हणून मला एवढं ठाऊक. सासरा गेलेल्या, नवरा अंथरुणावर असलेल्या वन्संना ते कुणी सांगायचं?

निघताना त्यांनी विचारलं, “वहिनी, तुमचे वकील कोण?” ह्यांच्या कॉलेजातले एक मित्र वकिली करतात, त्यांनाच आमच्या घरात ‘आपले वकील’ म्हणतात. त्यांचा नंबर ह्यांच्या फोनमध्ये आहे. मी त्यांना लग्नकार्यात पाहिलंय, त्यापलीकडे नाही. उद्या हेच अतिदक्षता विभागात असले तर ‘आपले वकील’ माझे कसे होणार?

११ सप्टेंबर, गुरुवार

आमच्या गल्लीच्या टोकाला शिरस्तेदार काका राहतात. आयुष्य दिवाणी कोर्टात गेलं. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आले, तेव्हा त्यांना बसवूनच घेतलं. नाव सुचवा म्हटलं तर मान हलवली. “नाव नाही सांगणार. कसं ओळखायचं ते सांगतो. आवाज कुणाचा मोठा, ते बघू नका. पुकारा झाल्यावर कोण स्वतः उभा राहतो आणि कोण ज्युनिअरला ‘साहेब वरच्या कोर्टात आहेत’ म्हणायला पाठवतो, ते बघा.”

वकिलांना जाहिरात करता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमांत तशी बंदी आहे. नियम चांगलाच आहे, पण त्यामुळे सामान्य माणसाच्या हाती उरतो तो नुसता कर्णोपकर्णी बोलबाला. आणि बोलबाला करतात ते जिंकलेले. काका म्हणाले, “हरलेला अशील शोधा. हरूनही तो आपल्या वकिलाविषयी चांगलं बोलत असेल, तर बेलाशक जा.” हे मला फार पटलं. निकाल शेवटी पुराव्यावर आणि कायद्यावर लागतो. पण अशिलाला अंधारात ठेवलं की उजेडात, हे वकिलाच्या हातात असतं.

रात्री ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर बसले. तिथे पक्षकाराच्या नावाने खटला शोधता येतो हे माहीत होतं; वकिलाच्या नावानेही येतो, हे काकांनी सांगितल्यावर कळलं. एकेक खटला उघडला की तारखांची रांग दिसते, कुठल्या तारखेला काय झालं तेही. काही नावांपुढे नुसती मुदत, मुदत, मुदत. मुदत मागायला खरी कारणंही असतात, एका खटल्यावरून कुणाला तोलू नये. पण पाच-दहा खटले सलग वाचले की माणसाची कामाची रीत कळू लागते. वन्संच्या वकिलांचंही नाव टाकून पाहिलं आणि फोन उलटा ठेवला.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज दुकान मुलीच्या मैत्रिणीवर सोपवून कोर्टात जाऊन बसले. आपली न्यायालयं खुली असतात, ठरावीक प्रकरणं सोडली तर कुणीही मागच्या बाकावर बसून कामकाज ऐकू शकतं. कुणी विचारलं नाही. बाहेर टायपिस्ट, झेरॉक्सवाले, स्टॅम्प व्हेंडरकडची रांग. आत पंखे, गठ्ठे आणि वाट बघणारी माणसं. बायका पुष्कळ होत्या. बहुतेकींबरोबर कुणीतरी पुरुष होता आणि वकिलांशी तोच बोलत होता.

सकाळचा पहिला तास पुकाऱ्यांत गेला. कोण हजर, कोण गैरहजर, कुणाला पुढची तारीख. मग एका जमिनीच्या दाव्यात उलटतपास सुरू झाला. उलटतपास घेणाऱ्या वकीलबाई पन्नाशीच्या असाव्यात. साक्षीदार सांगत होता की फेरफाराच्या वेळी नोटिशीवर सगळ्यांनी समोर सह्या केल्या. बाईंनी नोटिशीची नक्कल दाखवली, तारीख वाचायला लावली. मग दुसरा कागद दाखवला: त्याच दिवशी सही करणाऱ्यांतली एक बाई मुंबईच्या रुग्णालयात दाखल होती. आवाज चढवला नाही, साक्षीदाराला टोमणा मारला नाही. “हे खरं आहे का?” एवढंच विचारत गेल्या आणि प्रत्येक उत्तर नीट लिहून घेतलं जातंय याकडे लक्ष ठेवत गेल्या.

पण माझं मन वळलं ते नंतर, बाहेरच्या व्हरांड्यात. त्यांचे अशील एक म्हातारे शेतकरी, कानाने जड. बाई त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या आणि आत काय झालं ते जवळ जाऊन सांगितलं. मग म्हणाल्या, “आता तुम्ही मला सांगा, आज काय झालं?” म्हाताऱ्यांनी अडखळत सांगितलं. एक गोष्ट चुकली, ती बाईंनी पुन्हा सांगितली. पुढची तारीख त्यांच्या तोंडून वदवून घेतल्यावरच उठल्या. दुपारची वेळ, पुढचं काम खोळंबलेलं, ज्युनिअर दोनदा बोलवायला आला होता.

त्यांचं नाव बोर्डावरून उतरवून घेतलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

ह्यांचं म्हणणं पडलं की एकाच नावावर थांबू नये, आणि ते बरोबर होतं. त्यांच्या ओळखीने आज एका मोठ्या वकिलांकडे वन्संना घेऊन गेलो. ऑफिस चकचकीत. कागद पुढे केले तर ते बाजूला सरकवून त्यांनी विचारलं, “किती गुंठे? हायवेपासून किती लांब?” मग म्हणाले, “आता एक रुपया नको. जमीन सुटली की तिच्या किमतीचे दहा टक्के.”

वन्संचा चेहरा खुलला. हातात पैसा नाही, दाजींच्या औषधपाण्यालाच पुरत नाही, अशा बाईला हे देवाने पाठवल्यासारखं वाटणारच. मी जिना उतरेपर्यंत गप्प राहिले. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला किंवा दाव्यातून मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा घ्यायला आपल्याकडे वकिलाला मनाई आहे, हे मी बार कौन्सिलच्या नियमांत कालच वाचलं होतं. त्यामागचं कारणही उघड आहे. वकील जमिनीत भागीदार झाला की उद्या तडजोड वन्संच्या फायद्याची असली, तरी तो ती त्याच्या वाट्याच्या हिशोबाने पाहणार. शिवाय त्यांनी दाव्याचा कागद उघडून पाहिलाच नव्हता. न वाचता जमीन सुटेल असं सांगणाऱ्यावर मी माझ्या दुकानाची चिठ्ठीसुद्धा सोपवणार नाही.

वन्संना हे समजावता रात्र झाली. त्या रागावल्या नाहीत, पण धास्तावल्या. घाईत निवड करायची वेळ आली की असंच होतं: जो पहिल्यांदा धीर देतो तो आपला वाटतो.

२० सप्टेंबर, शनिवार

संध्याकाळी वकीलबाईंचं ऑफिस. घराच्या ओसरीला काढलेली खोली, भिंतीला लोखंडी रॅक, प्रत्येक फाइलवर मोठ्या अक्षरात पुढची तारीख. आधी पाणी दिलं आणि मग अर्धा-पाऊण तास त्या एक शब्द न बोलता वाचत होत्या. वन्सं चुळबुळत होत्या. मला मात्र ती शांतता हवी होती.

वाचून झाल्यावर पहिला प्रश्न: “यजमानांना समजतं ना सगळं? बोलता येतं?” समजतं, बोलणं तुटक. “मग त्यांच्या वकीलपत्रावर त्यांची सही किंवा अंगठा हवा. इथे दोघांच्याही नावापुढे तुम्हीच सही केलीय. मुखत्यारपत्र नसताना ती त्यांची सही धरली जाणार नाही.” आधीच्या वकिलांच्या नजरेतून ते निसटलं होतं, किंवा त्यांनी पाहिलंच नव्हतं.

मग जुन्या कागदांतून त्यांनी एक पान बाहेर काढलं. सहा वर्षांपूर्वी चुलत भावाने वाटणीपत्राचा मसुदा करून पाठवला होता. खाली शिक्का वन्संच्याच आताच्या वकिलांचा. ज्याला एका प्रकरणात सल्ला दिला, त्याच प्रकरणात त्याच्या विरुद्ध बाजूने उभं राहायचं नाही, हा वकिलीतला साधा नियम. पुतण्याला हे ठाऊक नसणार, असं मी धरून चालते. वकीलबाई त्या गृहस्थांविषयी एकही वावगा शब्द बोलल्या नाहीत. “त्यांना हे पान दाखवा आणि फाइल परत मागा. ते समजून घेतील.”

त्यांनी काय काय सांगितलं, ते इथे नोंदवून ठेवते. निकालाची हमी देणार नाही. दिवाणी आणि महसुलाचं काम करते, फौजदारी करत नाही; त्यासाठी लागलं तर दुसरं नाव देईन. फीचे टप्पे कागदावर लिहून दिले: कैफियत, पुरावा, युक्तिवाद, टायपिंग आणि नकलांचा खर्च वेगळा, पावतीसह. आणि त्याआधी हेही सांगितलं की बाई असल्यामुळे वन्संना तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. “१९८७च्या कायद्याने हा तुमचा हक्क आहे. घरी जाऊन विचार करा आणि मग मला सांगा.”

समोर आलेलं काम जाऊ शकतं हे माहीत असून त्यांनी ते सांगितलं. माझा शोध तिथे संपला. वन्संचा रात्री फोन आला: “ह्याच बाई.”

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आधीचे वकील म्हणाले, फी बाकी आहे, ती चुकती झाल्याशिवाय फाइल मिळणार नाही. वन्सं पार खचल्या. वकीलबाईंनी फोनवर शांतपणे सांगितलं की फी थकली म्हणून वकिलाला अशिलाची फाइल अडवून ठेवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००० साली तसा निवाडा दिलाय. फीसाठी त्यांना वेगळा मार्ग आहे. हे कुठल्याही अशिलाला वकीलपत्रावर सही करतानाच ठाऊक असायला हवं. मसुद्याचं ते पान दाखवल्यावर फाइल मिळाली, ना-हरकतीची सहीही मिळाली. भांडण झालं नाही.

दुपारी वकीलबाई ज्युनिअरला घेऊन वन्संच्या गावी गेल्या. दाजींच्या खाटेशी बसून सगळं वकीलपत्र त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. दाजींनी मान हलवली आणि एक शब्द उच्चारला, “विहीर.” बाई म्हणाल्या, “विहिरीच्या पाण्याच्या पाळीचं ना? लिहिलंय कैफियतीत.” मग डाव्या हाताचा अंगठा. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला.

२९ सप्टेंबर, सोमवार

तारीख झाली. नवं वकीलपत्र दाखल. आजारपणाचं कारण देऊन कैफियतीला मुदत मागितली, मिळाली. ९० दिवस १८ नोव्हेंबरला भरतात, पण बाई म्हणाल्या की दिवाळीच्या सुट्टीआधीच देऊन टाकू, शेवटच्या दिवसावर काहीही ठेवायचं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

दुपारभर कॉर्नेलिया सोराबजींविषयी वाचत होते. जन्म नाशिकचा, १८६६ सालचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, पुढे ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा १८९२ साली दिली; बाई म्हणून पदवी मात्र मिळाली ती १९२२ साली. मधल्या काळात त्यांनी काय केलं, ते मला आज जास्त मोलाचं वाटलं. पडद्यात राहणाऱ्या बायकांच्या नावावर मोठमोठ्या इस्टेटी असत, पण परक्या पुरुषाशी बोलायची सोय नसल्यामुळे त्यांना वकील गाठता येत नसे. कारभारी सांगेल ते खरं. १९०४ साली सोराबजी बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये या बायकांच्या सल्लागार म्हणून रुजू झाल्या, त्यांच्या दाराशी जाऊन त्यांचं म्हणणं ऐकू लागल्या. भारतात बायकांना वकिलीची वाट कायद्याने मोकळी झाली, ती त्यानंतर, १९२३ साली.

पडदा गेला त्याला किती पिढ्या झाल्या. तरी विहिरीजवळचा तुकडा ज्यांच्या नावावर, त्या वन्संना स्वतःचा वकील नव्हता, पुतण्याचा होता. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपण म्हणतो. त्यात तथ्यही आहे. पण त्या म्हणीच्या आधाराने आपण बायकांना वकिलाच्या ओळखीपासूनही लांब ठेवलं आणि पायरी चढायची वेळ मात्र त्यांच्यावर नेमकी तेव्हा येते, जेव्हा घरातला पुरुष आजारी असतो, अटकेत असतो किंवा गेलेला असतो. याचा मला मनापासून राग येतो. हे ह्यांना बोलून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आपल्या घराचं काय काय करून ठेवायचं, ते लिहून काढ.”

११ ऑक्टोबर, शनिवार

यादीतलं पहिलं काम आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, मृत्युपत्राचं. गेली दोन-तीन वर्षं त्या म्हणत होत्या, आम्ही ‘होईल हो सावकाश’ करत होतो. अडचण नसताना छोटं काम देऊन वकिलाची रीत पारखता येते, हे आता पटलं होतं. दावा सुरू झाल्यावर ती उसंत कुणाला असते?

आम्ही तिघं गेलो. बाईंनी सगळ्यांची विचारपूस केली आणि मग ह्यांना आणि मला म्हणाल्या, “तुम्ही दोघं बाहेर बसा. आजी मला एकट्या हव्यात.” हे क्षणभर गोंधळले. “फी आम्हीच देणार आहोत,” असं म्हणाले. बाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. “फी कुणीही द्या. पण मृत्युपत्र त्यांचं, अशील त्या.”

आम्ही ओसरीवर बसलो. आतून आत्याबाईंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. घरात त्या इतकं सलग कधी बोलत नाहीत. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या, तेव्हा डोळे ओले होते आणि चेहरा मोकळा. काय लिहिलं हे त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. वन्संना काही द्यावं असं त्यांच्या मनात असेल, तर ते आता कुणाचा संकोच न करता लिहिलं गेलं असेल, आणि मला त्यात आनंदच आहे.

साक्षीदार दोन लागतात, त्यांच्यासमोर सही व्हायला हवी. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नका, असं बाईंनी बजावलं. नोंदणी सक्तीची नाही, तरी आत्याबाईंचं वय पाहता दुय्यम निबंधकांकडे करून घेतलेली बरी.

१५ ऑक्टोबर, बुधवार

कैफियत दाखल. वन्संनी आधी पूर्ण वाचून घेतली, दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. गटाची एक चतुःसीमा चुकली होती. ती वन्संनाच दिसली, कारण बांध त्यांचे पायाखालचे.

९ नोव्हेंबर, रविवार

विधी सेवा दिन. १९८७चा तो कायदा १९९५ साली याच तारखेला अमलात आला, म्हणून हा दिवस. कोर्टाच्या आवारातल्या फलकावरून १५१०० हा मदतीचा क्रमांक उतरवून आणला आणि दुकानाच्या काचेवर आतून चिकटवला. औषध घ्यायला येणारी बाई बिल होईस्तोवर तिथेच उभी असते, तिची नजर जाईल.

मुलगी दिवाळीला आलेली नव्हती, आज आली. ती पुण्यात एकटी राहते, रात्रपाळी असते. फौजदारी वकिलाची गरज पडू नये, पण पडली तर ती मध्यरात्री पडते, हे वकीलबाईंचं सांगणं मनात होतं. त्यांनी पुण्यातल्या एका वकिलांचं नाव दिलं होतं. मागच्या पंधरवड्यात मुलगी त्यांना जाऊन भेटली, काहीच काम नसताना. त्यांनी तिला मोजकंच सांगितलं: अटक झाली तर कारण कळण्याचा हक्क आहे, घरच्या माणसाला कळवलं गेलंच पाहिजे, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावं लागतं, चौकशीच्या वेळी आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटता येतं. सूर्यास्तानंतर बाईला सहसा अटक करता येत नाही. वाचल्याशिवाय कशावरही सही करायची नाही. आणि वकिलाशी खोटं बोलायचं नाही. तुम्ही विश्वासाने सांगितलेलं उघड न करण्याचं बंधन त्याच्यावर कायद्याने आहे. नंबर फोनमध्ये आहेच, कागदावर लिहून पाकिटातही ठेवलाय, कारण फोन हातात राहीलच असं नाही.

जेवताना तिने दुसराच विषय काढला. एका फ्लॅटचं टोकन शुक्रवारपर्यंत भरायचंय, बिल्डरचा माणूस रोज फोन करतो. मी विचारलं, करारनाम्याचा मसुदा वाचलास का? तिने तो आधीच वकीलबाईंना पाठवलाय, मला न विचारता. बाईंनी कळवलंय की करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही, आणि महारेराचा नोंदणी क्रमांक व जमिनीच्या मालकीचे कागद पाहिल्याशिवाय त्या काही सांगणार नाहीत. उद्या ती कागद मागवून घेणार आहे. शुक्रवारची मुदत बिल्डरची आहे, तिची नाही.